उंबरठ्यांची वैरीण

धरणगावात आमच्या गल्लीत विमलअक्का शिरल्या की बायका लगबगीने आपापल्या उंबरठ्यावर येऊन बसतात. स्वागताला नव्हे, राखणीला. कारण अक्कांच्या पिशवीत पानाच्या डब्याशेजारी छिन्नी आणि हातोडी असते, आणि उंबरठा दिसला की त्यांच्या डोळ्यांत अशी चमक येते, जशी जिलबी बघून माझ्या येते.

अक्का अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत होत्या. एसटीने बोदवडपासून चाळीसगावपर्यंत हिंडायच्या. कुणाला व्यायाम शिकव, कुणाला कुबड्या मिळवून दे, कुणाच्या मुलीला शाळेत नेऊन बसव. निवृत्तीला संस्थेने शाल-श्रीफळ दिलं. अक्कांनी शाल एका थंडीने काकडणाऱ्या म्हाताऱ्याला दिली, नारळाची चटणी केली आणि पुन्हा एसटी पकडली. त्यांच्यासमोर ‘बिचारा’ म्हणायची सोय नाही. जो म्हणेल त्याच्या हातात त्या लगेच काहीतरी काम देतात.

आता माझी ओळख. धंदा लाऊडस्पीकरचा. ‘वऱ्हाडी मंडळींनी जेवायला बसून घ्यावे’ हे मी अशा आवाजात म्हणायचो की जेवून उठलेलेही पुन्हा बसायचे. एका लग्नात खांबावर कर्णा बांधताना मी कर्ण्याच्या आधी खाली आलो. आवाज शाबूत राहिला, कमरेखालचं सगळं गेलं.

मग मी मागच्या खोलीतच राहू लागलो. चाकाची खुर्ची आली, पण ती दारापर्यंतच. तिथे वीतभर उंच सागवानी उंबरठा. मला तो सोयीचाच होता. चौघांनी मला पोत्यासारखं उचलायचं आणि चाळीस जणांनी बघायचं, ही माझी धास्ती. हिवाळ्यात सगळी गल्ली शेतावर भरीत करायला निघायची. माझं आवडतं जेवण, आवडती पंगत. मी म्हणायचो, जा तुम्ही, मला हा उंबरठा आडवा आहे ना.

अशातच एक दिवस अक्का आल्या. पाणीसुद्धा न घेता थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“भाऊ, घरमा बठीसन काय करी ऱ्हायना?”

मी पायांकडे बोट दाखवलं.

“पाय गयात. तोंड तं शे ना?”

तोवर माझी बायको सुमन उंबरठ्यावर ठाण मांडून बसली होती. रोज सकाळी ती त्याला हळदकुंकू वाहायची. उंबरठा काढला तर लक्ष्मी घर ओळखणार कसं, असा तिचा सवाल. अक्का तिच्याशेजारी टेकल्या, पान लावलं आणि हळूच म्हणाल्या, “लक्ष्मीबी आते म्हतारी व्हयनी व माय. तिनाबी गुडघा दुखत व्हतीन.” सुमनला हसू आलं. हसता हसता ती जराशी सरकली, आणि तेवढ्या फटीत छिन्नी बसली.

ठोकाठोक ऐकून गल्ली जमली. दारात दोघं जण मला पाहून ‘बिचारा’ म्हणाले. त्यांनी संध्याकाळपर्यंत वाळू-सिमेंट कालवलं. उंबरठ्याच्या जागी उतार झाला. सुमन आता त्याच्या दोन्ही कडांना रांगोळी काढते, आणि लक्ष्मीकडून अजून तक्रार आलेली नाही.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे बहाणाच उरला नाही. शेतात तुरीच्या वाळक्या तुरकाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. अक्कांनी मला सतरंजीवर बसवलं, भरीत ठेचायची लाकडी बडगी पुढ्यात ओढली आणि हातात मुसळ दिलं. खुर्ची ढकलून माझे दंड पहिलवानासारखे झाले होते. मी ठेचू लागलो आणि त्या तालावर वांग्याचं लग्नही लावून टाकलं. नवरी हिरवी मिरची, करवली कांद्याची पात. बाया हसून हसून पुऱ्या करपवत होत्या. मग मी पंगतीत बसून पोटभर जेवलो. माझ्या पायांकडे कुणी बघितलं असेल, तर ते बघायला मला वेळ नव्हता. पुढच्या लगीनसराईत धंदाही परत सुरू झाला. खांबावर दुसरं कुणी चढतं, माइक मात्र मी सोडत नाही.

तेव्हापासून दर वर्षी भरीत मीच ठेचतो. यंदाही ठेचलं. पंगत बसली, आणि अक्का दिसेनात. चाकोरीतून खुर्ची रेटत मी त्यांना शोधत गेलो. त्या दूर उभ्या केलेल्या बैलगाडीमागे, शेताकडे तोंड करून बसल्या होत्या. भरीत पातळावर सांडलं होतं. उजवा हात थरथरत होता, आणि घास तोंडाशी पोचेपर्यंत बोटांत काही उरत नव्हतं.

मला बघून त्यांनी पदराने डाग झाकला.

“हात ऐकस नई आते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तू जाय पंगतमा. मी घरबी एकटीच तं जेवस.”

खुर्चीतूनच मी खाली वाकलो. मी त्यांची भाकरी वाटीत कुस्करली, भरीत कालवलं, चमचा ठेवला आणि वाटी त्यांच्या हनुवटीजवळ दोन्ही हातांनी धरून राहिलो. त्यांनी आधी रागाने पाहिलं. मग चमचा घेतला. निम्मं सांडलं, निम्मं पोटात गेलं.

मला शोधत सुमन माझं ताट घेऊन आली. तिने एकदा अक्कांकडे पाहिलं, माघारी जाऊन स्वतःचंही ताट आणलं आणि अक्कांना खेटून बसली. तिच्या मागोमाग शेजारीण आली, मग तिचा नवरा, मग वाढणारे आले, कारण वाढायचं कुणाला हेच त्यांना कळेना. गाडीमागे जागा पुरेना.

तेव्हा कुणीतरी उठून चाकांखाली लावलेले दगड काढले आणि गाडी ढकलून बाजूला केली.