आधी अर्थिंग

आमच्या शेजारचे तांबेकाका कुणालाही हात लावण्याआधी नळाला हात लावतात. तुम्ही त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेलात आणि हात पुढे केलात, तर काका "एक मिनिट हां" म्हणून मोरीत जातील, पितळी नळ मुठीत घट्ट धरून उभे राहतील, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसतील आणि मग तुमचा हात हातात घेतील. तो हात ओलसर आणि गारढोण असतो. पाहुणा गोंधळला की काका दोन शब्दांत खुलासा करतात, "आधी अर्थिंग."

माझी आई या प्रकाराला सोवळं म्हणते. काळाचौकीच्या या चाळीत आमचा अख्खा मजला बौद्ध. "आपल्या बापजाद्यांना लोकांनी पाण्याला शिवू दिलं नाही, आणि हा बाबा माणसाला शिवायच्या आधी पाण्याला शिवतो!" असं ती गॅलरीत उभी राहून, काकांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणते. काका अजिबात चिडत नाहीत. "वहिनी, सोवळं नाही. स्टॅटिक आहे," एवढंच सांगतात. स्टॅटिक म्हणजे काय ते आईला आजतागायत कळलेलं नाही, आणि मलाही काकांनी सांगितलं तेवढंच कळलंय. माणसाच्या अंगात वीज साठते. ती कॉम्प्युटरच्या कार्डाला लागली तर कार्ड मरतं. म्हणून आधी धातूला हात लावून ती वीज जमिनीत सोडून द्यायची.

"काका, मुंबईच्या या घामट हवेत कसली वीज साठतेय?" मी एकदा विचारलं.

"साठते. दिसत नाही."

"पण चाळीची दुरुस्ती झाली तेव्हा पाइप प्लॅस्टिकचे टाकले ना? तुमची वीज जमिनीपर्यंत जाणार कशी?"

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "नळ पितळेचा आहे ना?"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी बँकेत काम करते, दिवसभर माणसांना समजावते, पण तांबेकाकांपुढे मी कधीच हात टेकलेत.

काका फोर्टमधल्या एका शिपिंग कंपनीत कारकून होते. कॉम्प्युटरचं सगळं ज्ञान त्यांनी रद्दीतल्या इंग्रजी मासिकांवरून मिळवलेलं, त्यामुळे त्यातली काही पानं त्यांच्याकडे आलीच नाहीत. घरात बुद्धाच्या फोटोखाली जो कॉम्प्युटर आहे तो त्यांनी स्वतःसाठी घेतलाच नव्हता. तो मंदाकाकूंचा. काकू मराठी टायपिंगचा क्लास चालवायच्या. टाइपरायटरचे दिवस संपत आले तेव्हा काकांनी हा भला मोठा डबा घरी आणला. त्या वेळच्या कॉम्प्युटरला मराठी येत नसे. मराठी यावं म्हणून आत एक वेगळं हिरवं कार्ड खोचावं लागे. हे कार्ड म्हणजे तांबेकाकांचा जीव की प्राण. ते असलं की पडद्यावर अ आ इ ई. ते नसलं की त्याच जागी नुसते चौकोन आणि रेघा.

त्या कार्डावर काकूंनी अख्ख्या मजल्याच्या लग्नपत्रिका केल्या, जयंतीची पत्रकं केली, माणूस गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाची कार्डं केली. माझ्या वडिलांचंही त्यांनीच केलं. मी त्यांच्याकडेच टायपिंग शिकले. कीबोर्डकडे बघितलं की बोटांवर फूटपट्टी बसायची. "बोटांना डोळे असतात, कळलं?" म्हणायच्या. बोलायला फटकळ. काकांचं बोलणं अर्ध्यात तोडून उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करायची त्यांना सवय होती, आणि काकांनाही पहिलं अर्धंच बोलायची.

दोन वर्षांमागे काकूंना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, पण बोलायला जातात तर घशातून नुसता घरघर आवाज येतो. तो आवाज त्यांनी स्वतः ऐकला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. काकांनी पाटी आणली. काकूंनी डाव्या हाताने दोन वाकड्या रेघा ओढल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि पाटी ढकलून दिली. मोबाइलच्या काचेवर बोट ठरत नव्हतं. मी माझा लॅपटॉप नेला, पण त्यावरची मराठी अक्षरं भलत्याच बटणांवर होती. टायपिंग शिकवणाऱ्या बाईच्या बोटाखाली चुकीचं अक्षर उमटलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून काका सगळं हाताने करतात. भरवणं, वेणी घालणं, औषध देणं. आणि प्रत्येक वेळी आधी नळ. "तिच्या डोक्यातल्या तारा नाजूक झाल्यात गं," मला म्हणाले, "आपल्याकडून उगाच करंट नको." त्यांचा हात कपाळाला लागला की काकू दचकून मान फिरवायच्या. काकांचा चेहरा उजळायचा. "बघितलंस? मान हलवली! संवेदना परत येतायत."

एके दिवशी ते गॅलरीत माझ्यापाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "नीता, ती चादरीवर टाइप करते."

मी आत जाऊन बघितलं. खरंच. डाव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. एक बाई घडाघडा बोलत होती आणि आम्हाला वाचता येत नव्हतं.

काकांनी त्याच संध्याकाळी पोटमाळ्यावरून कॉम्प्युटर उतरवला. नळ धरला, झाकण उघडलं, मशीन सुरू केलं. मशीन टुंग करून जागं झालं. इंग्रजी ठीक. मराठीच्या जागी चौकोन आणि रेघा. कार्ड बिघडलं होतं.

इथून आमच्या मजल्याची साडेसाती सुरू झाली. काकांचं दुरुस्तीचं तत्त्व एकच, "दोष सापडेपर्यंत एकेक वस्तू काढत जायची." मशीनमधून त्यांनी मराठीचं आणि पडद्याचं सोडून बाकी सगळी कार्डं काढली. मग मराठीचं कार्ड या खाचेतून त्या खाचेत घालून बघितलं. त्याच्या सोनेरी कडेला शाळेतलं खोडरबर घासलं. कार्ड दमट झालं असेल म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलं. त्या आठवड्यात त्यांच्या घरी भात झाला नाही. मशीनमध्ये काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते मशीनबाहेर वळले. पंखा बंद, ट्यूब बंद, आणि मग मजल्यावरचे मिक्सर. मिक्सर लागला की विजेचा दाब पडतो आणि कार्ड घाबरतं, असं त्यांचं म्हणणं. मशीन सुरू करायच्या आधी ते गॅलरीत येऊन ओरडायचे, "मिक्सर बंद!"

"तांबे, माझं वाटण अर्धं राहिलंय!" पलीकडून कोणीतरी ओरडायचं.

"पाट्यावर वाटा!"

लोक कुरकुरायचे, पण मिक्सर बंद करायचे. काकूंनी ज्यांच्या पत्रिका केल्या त्यांचीच ती घरं होती.

चिंचपोकळीच्या दुरुस्तीवाल्याने कार्ड उलटंपालटं केलं आणि परत दिलं. "काका, यातली चिप गेलीय. ही आता कुठे मिळत नाही. सोडून द्या." काकांनी सोडून दिलं नाही. त्यांनी एक शोध लावला होता. सकाळच्या गारव्यात मशीन सुरू केलं की क्षणभर मराठी दिसतं, आणि कार्ड तापलं की जातं. मग ते आमच्या दारात आले.

"नीता, तुझ्या फ्रिजमध्ये थोडी जागा होईल?"

कार्ड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून, तळायच्या बांगड्यांच्या शेजारी विसावलं. आईने कपाळावर हात मारला. "आता मशीनचं मयतही माझ्याच घरात ठेवा!" पण फ्रिज उघडताना ती त्या डब्याला धक्का लागू देत नसे, हे मी बघितलंय.

एका रविवारी दुपारी काकांनी ठरवलं, आज. सगळ्या मजल्यावर निरोप गेला. मिक्सर तर सोडाच, लोकांनी टीव्हीसुद्धा बंद ठेवले. मी काकूंना उचलून खुर्चीत बसवलं आणि मागून धरून राहिले. काकांनी कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला, नळाला हात लावला, गार कार्ड खोचलं आणि बटण दाबलं.

टुंग. पडदा उजळला. डाव्या कोपऱ्यात स्वच्छ मराठी अक्षरं आली.

काकूंचा हात कीबोर्डवर थोडा वेळ नुसताच फिरला. मग एक बोट खाली गेलं. काही अक्षरं उजवीकडे होती, तिथवर डावा हात ओढत न्यावा लागत होता. मी वाचून दाखवत होते.

"अहो."

"हं," काका म्हणाले. "हं, बोल मंदा."

"नळाला."

"नळाला काय? पाणी हवंय? नीता, पाणी दे गं."

काकूंनी मान हलवली, नको. जुन्या सवयीने वाक्य अर्ध्यात तुटलं होतं, फक्त या वेळी तोडणारे काका होते. बोटं पुन्हा चालू लागली. मी वाचून दाखवलं.

"अहो नळाला हात लावून मला हात लावू नका. गार लागतो."

शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला होता. मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. इतके दिवस काका ज्याला सुधारणा म्हणत होते, ती थंडी होती. काका स्वतःच्या तळहातांकडे बघत उभे होते. कपाळ, वेणी, घास, प्रत्येक वेळचा तो गार हात त्यांना आठवत असणार.

काकूंचं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी पुढे लिहिलं, "आणि".

त्याच क्षणी पडदा थरथरला. सगळ्या वाक्याचे चौकोन झाले आणि मशीन अडकलं. काकूंना ते कळलं नसावं, किंवा कळूनही थांबवेना. बोटं चालतच राहिली. प्रत्येक बटणाला मशीन नुसतं टुंग करत होतं. टुंग, टुंग, टुंग. काका खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि एखादी गोष्ट ऐकावी तसं ते सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिले.

कार्ड नंतर पुन्हा चाललं नाही. पण काका रोज सकाळी ते आमच्या फ्रिजमध्ये ठेवून जातात आणि दुपारी घेऊन जातात. मजल्यावरचे मिक्सर अजून थांबतात. कार्ड आता चालायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कोणी त्यांना सांगत नाही.

परवा मी काकूंना बघायला गेले. काका उकळत्या चहाचा काचेचा ग्लास दोन्ही मुठींत धरून बसले होते. पीत नव्हते.

"काका, चहा निवतोय."

"निवू दे," ते म्हणाले. "अर्थिंग चाललंय."

मग ग्लास ठेवून उठले. मोरीकडे वळले नाहीत. सरळ पलंगापाशी गेले आणि काकूंच्या कपाळावर हात ठेवला. काकूंनी मान फिरवली नाही. डोळे मिटून पडून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांची डावी बोटं चादरीवर चालू लागली. काका खाली वाकले आणि त्या बोटांकडे टक लावून बघत राहिले.

"आणि?" ते हळूच म्हणाले. "पुढे काय, मंदा?"