पुंडलिकनगरातले बर्फाचे टायर

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, की त्याच्या तोंडाकडे सगळ्यांत शेवटी बघणारा एकच माणूस आहे. सोनाजीआबा. आबा आधी गाडीची चाकं बघतात. चारी बाजूंनी फिरतात, वाकतात, अंगठ्याचं नख रबरात रुतवतात, टिचकी मारून आवाज ऐकतात आणि मग कंबर सरळ करत म्हणतात, "पुढचं डावं बदला. बाकीची वर्षभर जातील. या, बसा. चहा घेनार का?"

माझ्या साडूंना एकदा त्यांनी सांगितलं, "तुमचा ड्रायव्हर वळणावर ब्रेक दाबतो. त्याला समज द्या."

साडू जरा ताठ होऊन म्हणाले, "गाडी मीच चालवतो."

"मंग तुम्ही दाबता," आबा शांतपणे म्हणाले. "रबर खोटं बोलत नाय."

साडू तेव्हापासून आमच्याकडे रिक्षानं येतात.

आबा सरकारी खात्यात चौतीस वर्षं जीप चालवून निवृत्त झाले. मूळचे फुलंब्रीकडचे. वडील शेळ्या-मेंढ्या राखायचे. पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. काकू जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी सविता लग्न होऊन कॅनडात गेली, तिची मुलगी ईरा तिथंच जन्मली, तिथंच शाळेत जाऊ लागली. स्वतःची गाडी मात्र आबांनी कधी घेतली नाही. त्यामुळे ते दुसऱ्यांच्या गाड्यांची काळजी करायला मोकळे असतात.

दर रविवारी सविताचा फोन यायचा. आमची भिंत पातळ आहे, त्यामुळे तो संवाद मला पाठ होता. "जेवली का? पोर बरी हाय ना? पाहुणे बरे हायत ना? ठिवू मंग?" एवढंच. या फोनला पैसे पडत नाहीत हे मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, "पैशाचं नाय सर. बोलायचं काय, ते सुचत नाय."

मग मागच्या ऑक्टोबरात एका रविवारी तो फोन संपेचना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी भिंतीपलीकडून काळजीत पडलो. तेवढ्यात आबाच दारात उभे.

"सर, तुम्ही भूगोल शिकवता. बर्फाचं सांगा."

मी शाळेत भूगोल शिकवतो हे खरं, पण बर्फ मी फक्त पुस्तकात आणि सरबतात पाहिला आहे. तसं सांगितलं. आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

प्रकरण असं होतं. सविताच्या घरच्या गाडीला हिवाळ्याचे वेगळे टायर बसवायचे की नाही, यावर तिचं आणि नवऱ्याचं, म्हणजे प्रशांतचं, एकमत होत नव्हतं. तिकडे बर्फात चालायला खास टायर मिळतात. हिवाळा आला की बसवायचे, संपला की काढायचे. त्यांच्या भागात सक्ती नव्हती. प्रशांतचं म्हणणं, बारा महिने चालणारे टायर गाडीला आहेतच, रस्त्यावरचा बर्फ मशीनं काढतात, वर मीठ टाकतात, मग हा खटाटोप कशाला? शिवाय काढलेले टायर ठेवायचे कुठं? फ्लॅटमध्ये सोफ्यावर? सविताचं म्हणणं एवढंच, की ईराच्या शाळेच्या वाटेवर एक उतार आहे. तिनं वडिलांना सहज सांगितलं होतं, जसं आपण डोकं दुखतंय म्हणून सांगतो.

"मी तिला म्हणलं, घाई करू नको," आबा म्हणाले. "आधी तहकीकात करतो."

आबांच्या तोंडी तहकीकात हा शब्द आला की गल्लीनं सावध व्हायचं असतं. आधी ते मला घेऊन गारखेड्यात शफीकभाईच्या पंक्चरच्या दुकानात गेले. शफीकभाईनं हातातला पाना खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"आबा, अपने यहाँ बर्फ खाली गोलेवाले के ठेले पे रहता. उसपे कौन गाडी चलाता?"

"चेष्टा नको शफीक. थंडीनं रबराला काय व्हतं, ते सांग."

"कडक होता. और क्या होता."

"कडक झालं की?"

"पकडता नहीं, फिसलता."

"हां," आबा माझ्याकडे वळून म्हणाले. "हे लिहून घ्या सर."

मी लिहून घेतलं. त्या वहीत पुढं मी इंटरनेटवरचंही बरंच उतरवलं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, बसवायचे तर चारही बसवावे लागतात, दोन बसवून भागत नाही. आबा ऐकता ऐकता एकदम म्हणाले, "अरे, हा तर शेळीचा खूर झाला! कडेनं कठीण, आतून मऊ. म्हणून तर ती दगडावर चढून बसती. आमच्या बापाला हे ठाव व्हतं, आन् कंपनीवाल्याला आत्ता कळलं का?"

पण ऐकीव पुराव्यावर निकाल देणं त्यांना पटेना. चार दिवसांनी आमच्या हिनं मटार काढायला फ्रीजर उघडला आणि ती किंचाळली. मटाराच्या पिशवीला टेकून काळ्या टायरचा एक हातभर तुकडा झोपला होता.

"हे काय आहे?"

"आबांनी ठेवलंय," मी म्हणालो. "त्यांच्या फ्रीजमध्ये तेवढी थंडी होत नाही."

"आणि तुम्ही ठेवू दिलंत?"

मी भूगोलाचं नाव पुढं केलं. तिनं ते मानलं नाही. रात्रीच्या भाजीला रबराचा वास येतोय, असं ती आठवडाभर म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आबांनी रिक्षातून बर्फाची एक अख्खी लादी आणली. गल्लीच्या मधोमध विटा रचून ती उतरती ठेवली. वरून फ्रीजरमधला टायरचा तुकडा सोडला. तो सुर्र करून खाली आला आणि थेट कुलकर्णीबाईंच्या तुळशीला जाऊन धडकला. मग आबांनी स्वतःच्या जुन्या रबरी चपलेचा मऊ तळ ठेवला. तो जागचा हलला नाही. आबांनी हात वर करून गल्लीकडे पाहिलं. एव्हाना निम्मी गल्ली जमली होती.

"आबा, सरबत आहे का?" कुणीतरी विचारलं.

"तहकीकात हाय."

कुलकर्णीबाई मात्र आतून बादली घेऊन आल्या आणि लादीच्या खाली लावून उभ्या राहिल्या. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. त्यांचं बघून आणखी दोघी आल्या. आबांचा प्रयोग वितळत गेला, तसा गल्लीत झाडांच्या पाण्यावरून थोडा वाद झाला.

त्या रविवारी आबांनी निकाल कळवला. टायर बसवावेत. चारी बसवावेत. कारणं त्यांनी अकरा मिनिटांच्या ध्वनिमुद्रित संदेशात सांगितली. त्यात शेळी होती, शफीकभाई होता, माझं नावही होतं. मला वाटतं, त्या संदेशानं घरातलं भांडण मिटण्याऐवजी वाढलं असावं. कारण संध्याकाळी प्रशांतचा फोन आला, आबांनी तो नेहमीसारखा स्पीकरवर लावला, आणि भिंत पातळ असल्याबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"आबा, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमच्याकडे दिवाळीतसुद्धा पंखा बंद होत नाही. इथल्या बर्फाचं आमच्यावर सोडा ना."

"बरं," आबा म्हणाले. "तुमचं बी खरं हाय."

फोन ठेवला. त्यानंतर महिनाभर आबांनी गल्लीतल्या एकाही चाकाकडे पाहिलं नाही. मी मुद्दाम माझी स्कूटर त्यांच्या दारात लावली. मागचा टायर गुळगुळीत झालेला होता, कुठल्याही जाणकाराला राहवलं नसतं. आबा तिला वळसा घालून दूध आणायला गेले. रविवारचा फोन पुन्हा जेवली का आणि ठिवू मंग यावर आला.

डिसेंबरात एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. फोन वाजला. रविवार नव्हता. पडद्यावर प्रशांतचं नाव बघून आबांनी तो माझ्याकडे दिला, मग लगेच परत घेतला.

"आबा, घाबरू नका, सगळे ठीक आहेत," प्रशांतचा आवाज दमल्यासारखा होता. "त्या उतारावर ब्रेक लागला नाही. म्हणजे लागला, पण गाडी सरकतच राहिली. हळूहळू कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबलो."

"पोर कुठं व्हती?"

"मागच्या सीटवर."

"पट्टा?"

"लावलेला होता."

"रडली का?"

"नाही. हसली. म्हणाली, बाबा, पुन्हा कर."

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ते बोलणार. त्यांना बोलायचा पूर्ण हक्क होता, वही माझ्या घरात होती, साक्षीला सगळी गल्ली होती.

"पाहुणे," ते म्हणाले, "तुमचे हात अजून थरथरत असतील."

 मग प्रशांत म्हणाला, "हो."

"व्हतं तसं. मी बी कन्नडच्या घाटात गेलोय असा. स्टेअरिंग फिरवावं, आन् गाडीनं ऐकूच नये. आज चालवू नका. चहा प्या. साखर जरा जास्त टाका."

प्रशांतनं दोन दिवसांत चारही टायर बसवले. तरीही त्या उतारावर त्याचा पाय आखडायचा. ते त्यानं सविताला सांगितलं नाही, आबांना सांगितलं. "उद्या सकाळी सोबत याल का? फोन समोर काचेजवळ लावून ठेवतो. नुसते असा."

तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी साडेसहाला आबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर खुर्चीत बसले. मी शेजारी. फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर पांढरा रस्ता, पांढरी झाडं, आणि मागून ईराचं गाणं.

"पयल्यात घ्या," आबा म्हणाले.

"आबा, ऑटोमॅटिक आहे."

"आसू द्या. मनात पयल्यात घ्या."

गाडी निघाली. आबा एकदम ताठ बसले. उतार आला तसा त्यांचा आवाज खाली आला. "दाबू नका. नुसतं टेकवा. सोडा. परत टेकवा. झालं. बघा, ऐकती का नाय?" मी सहज खाली पाहिलं. आबांचा उजवा पाय फरशीवर हलके हलके दाबत होता, उचलत होता. शाळा आली. ईरानं वाकून पडद्यात तोंड घातलं, "बाय आबा!" आणि पळाली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. प्रशांतचा पाय आठवडाभरात मोकळा झाला असेल, पण फोन लागत राहिला. साडेसहाला आबांना हाक मारायची नाही, हे गल्लीला कळलं. भाजीवाली मावशीसुद्धा त्या पंधरा मिनिटांत आबांच्या ओट्यासमोर ओरडायची नाही. वाटेत ईरा आबांना डबा दाखवायची, न आलेलं गणित सांगायची, पडलेला दात दाखवायची. मार्चात तिकडची घड्याळं एक तास पुढं गेली, तेव्हा आबांची शाळा साडेपाचला भरू लागली. हे असं का होतं ते मी त्यांना समजावून सांगितलं आणि माझी भूगोलाची अब्रू थोडी सावरली.

एप्रिलच्या मध्यात प्रशांत म्हणाला, "आबा, बर्फ संपला. काल हिवाळी टायर काढले. आता काही काळजी नाही. तुम्हाला रोज उगाच बसवून ठेवलं."

"व्हय, व्हय. आता काय गरज नाय," आबा म्हणाले. "बरं झालं."

फोन ठेवून ते बराच वेळ तसेच बसले. ऊन ओट्यावरून उतरलं. मी उठणार तेवढ्यात ते बोलले, माझ्याकडे न बघता.

"सर, चौतीस वर्षं गाडी चालवली. सायबाची पोरं शाळंत सोडली, आनली. त्यांचे डबे भरून दिले, बुटाच्या नाड्या बांधल्या. सविता पायी जायाची. गाडी सरकारची, आपली पोर बसवायची नाय, हा माझा उसूल. एकदा लई पाऊस व्हता. ती दप्तर डोक्यावर घेऊन चालली व्हती. मी सायबाच्या पोरांना घेऊन तिच्या बाजूनंच गेलो. तिनं हात केला. मी गाडी थांबवली नाय."

मी टेबलावरचा फोन उचलून त्यांच्या हाताशी ठेवला.

"तिनं कधी काढलं नाय ते," आबा म्हणाले. "मी बी काढलं नाय. तवापासून तिच्याशी काय बोलावं, तेच सुचत नाय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर आबा ओट्यावर नव्हते. आत बनियनवर बसून तांदूळ निवडत होते. खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. मी दारातच उभा राहून काहीतरी विषय काढायचा म्हणून माझ्या मागच्या टायरचं विचारत होतो, तेवढ्यात फोन वाजला. साडेपाच झाले होते.

आबांनी तांदळाची धूळ लागलेल्या हातानंच तो उचलला. पडद्यावर ईरा होती, पाठीला दप्तर, आणि तिच्या मागं या वेळी स्टेअरिंगवर सविता.

"आबा, कुठं आहात तुम्ही?" ईरा वैतागून म्हणाली. "मला उशीर होतोय."

मागून सविता म्हणाली, "आबा, आज मी चालवतेय. येताय ना?"

"आलो, आलो," म्हणत आबा उठले. तांदळाचं ताट तसंच राहिलं. खुंटीवरचा शर्ट त्यांनी एका हातानं ओढला, फोन माझ्या हातात दिला आणि दारात वाकून घाईघाईनं चपला घालू लागले.