बिल्ल्यावरून काढलेलं वय

“मला यातलं काही कळत नाही,” हे वाक्य मला उत्तम येतं. एम. ए. होईपर्यंत मी ते मनातल्या मनात रोज म्हणत असे. पण त्या दिवशी अवसरीच्या गेणभाऊंनी जुन्नरला माझ्या घरी येऊन पितळेचा एक नखाएवढा बिल्ला हातावर ठेवला, आणि माझ्या तोंडून गेलं, “बघू.”

गेणभाऊंच्या ठकीला निरगुडसरचं स्थळ आलं होतं. मुलगा पलटणीत शिपाई, छावणी लांब. रजा मिळेल तेव्हा येणार. तोवर त्याच्या आईनं, सारजाबाईंनी, मुलाऐवजी त्याच्या कॉलरवरचा बिल्ला पाहायला पाठवला होता.

“पोरगं खरंच पलटणीत हाय का, आन् वय काय, तेवढं सांगा रावसाहेब. माझी एकच लेक हाय.”

(असा विश्वास कुणी टाकला की मला घाम फुटतो.)

पेन्शनीत निघाल्यापासून मी फौजी बिल्ल्यांवर थोडं वाचलं होतं. मी भिंग काढलं. आमच्या मंडळींनी आतून सुचवलं, “आधी चष्मा पुसा.” मी पुसला.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बिल्ल्यावरचा मुकुट मधे दबलेला असतो, आताच्या एडवर्ड बादशहांचा घुमटासारखा गोल. हा मधे खोल गेला होता. म्हणजे राणीचा. शिवाय नक्षी अशी झिजलेली की हाताला नुसतं गुळगुळीत लागत होतं. एवढ्या झिजेला मी वीस वर्षं नोकरी धरली. त्याआधी भरतीचं वय अठरा.

“अडतीस,” मी म्हणालो. मग चुकलं तर काय, या भीतीनं म्हणालो, “चाळीससुद्धा असेल.” (शंका आली की मी आकडा वाढवतो. तेवढीच सावधगिरी.)

गेणभाऊ उठले आणि निरगुडसरला जाऊन स्थळ मोडून आले. तिकडे अवसरीत ठकीनं अबोला धरला, असं कानावर आलं. हळद न लागताच ती मनानं निरगुडसरला नांदायला गेली होती म्हणे. मी आठवडाभर भिंगाकडे पाहिलं नाही.

मग एका सकाळी सारजाबाई दारात उभ्या. मागे मान खाली घातलेला एक पोरगा, आणि त्याच्याही मागे गेणभाऊ.

“रजेवर आलाय,” सारजाबाई तोच झिजका बिल्ला माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या. “चाळीस वर्सांचा कुठून दिसतोय ते सांगा.”

त्याला मिसरूड नुकतं फुटत होतं. कोटाच्या कॉलरला एकाच बाजूला बिल्ला होता. मी वाकून पाहिलं. हातातल्याचा जोडीदार. तीच पलटण, तोच आकार, आणि मुकुट लाडवासारखा गोल.

“जोडीतला एक आयला दिला,” पोरगा पुटपुटला. “हवालदाराला सांगितलं, पडला.”

“पण मग हा मुकुट मधे दबेपर्यंत झिजला कसा?” मी विचारलं.

“देव्हाऱ्यात ठेवते. लेक लांब, त्याला देवाच्या हवाली नको करायला? देव घासायचे तवा त्योबी चिंच लावून राखंनं घासते. रोज.” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “आमच्या खंडोबाला बी नाक उरलं न्हाई. त्याचं बी वय काढताय का?”

मी नको म्हणालो.

गेणभाऊंनी पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि आमच्याच ओट्यावर सुपारी फुटली. माझी चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. सगळे माझ्याशी फार हळू आणि सोपं बोलू लागले, एवढंच.

निघताना सारजाबाईंनी माझं टक्कल, बसलेले गाल, वाकलेली पाठ असं सगळं सावकाश पाहून घेतलं आणि आमच्या मंडळींना विचारलं, “आन् बाई, ह्यास्नी तुमी कशानं घासता?”

“तोंडानं,” ही म्हणाली. “लग्न झाल्यापासून.”