ताजीतवानी मोटार

सासरेबुवांची डिझेल मोटार वीस वर्षांची झाली होती. नव्या नियमाप्रमाणे आज पाचच्या आत ती धूरतपासणीत पास झाली नाही, तर थेट भंगारात जाणार होती.

"चालवत नेली तर दमेल, आणि दमली की धूर करते," त्यांनी निकाल दिला. "ताजीतवानी न्यायची. ढकलत."

त्यांच्यापुढे बोलायची टाप कोणाची? सासूबाई गुडघ्यांमुळे मागच्या सीटवर बसल्या. स्टीअरिंग सासरेबुवांनी आजवर कोणाच्या हाती दिलं नव्हतं, तेव्हा ते पुढे बसले. ढकलायला उरले मुलगा आणि सून. दोघांनी घामाघूम होत ते धूड सव्वाचारला तपासणी केंद्रात आणलं.

तपासनिसाने धुराच्या नळीत यंत्राची सळई खुपसली. "रेस करा."

मोटारीने असा काळाकुट्ट धूर सोडला की समोरची भिंत दिसेना. आकडा मर्यादेच्या दुप्पट आला.

"नापास?" सासरेबुवांनी विचारलं.

तपासनिसाने बॉनेटवर हात ठेवला. "आजोबा, इंजिन थंडगार आहे. आणलीत कशी ही?"

मुलगा उगाच तळहात चोळत राहिला.

"थंड इंजिन धूर ओकणारच. जरा पळवून गरम करून आणा. पाचला यंत्र बंद होतं."

घाईगडबडीत सासरेबुवांना गिअरच पडेना. मुलाला चालवता येत नव्हतं. सून मात्र रोज कुरिअरची व्हॅन चालवायची.

"बाबा, सरका जरा तिकडे."

जन्मात तिशीच्या पुढे न गेलेली मोटार तिने हमरस्त्यावर ऐंशीने पळवली. मागे आधी काळे लोट निघाले, मग विरळ झाले, मग काहीच दिसेना. सासरेबुवा डोळे घट्ट मिटून बसले होते, त्यामुळे हे त्यांना कळलंच नाही.

पाचला आठ मिनिटं कमी असताना आकडा आला, मर्यादेच्या निम्मा.

"वर्षानुवर्षांची काजळी होती, उडाली," तपासनीस म्हणाला. "गाडी ठणठणीत आहे. फक्त अशीच पळवत जा. कोण चालवतं एरवी?"

सासरेबुवांचा जीव भांड्यात पडला. प्रमाणपत्र छातीशी धरताना त्यांचे डोळे भरून आले.

"आमची सूनबाई," ते म्हणाले, आणि गुपचूप मागचं दार उघडून सासूबाईंशेजारी जाऊन बसले.

घरी परतताना त्यांनी हळूच पाय पसरले. "इथे ऐसपैस आहे की. इतक्या वर्षांत कोणी बोललं नाही मला."

"बोलत होते मी," सासूबाई म्हणाल्या. "पण तुम्हीच म्हणायचात, चालवताना मागे बघायचं नसतं."