अप्पांच्या गाडीतून दिसणारा आंबा

अप्पा भालेकरांच्या गाडीत बसलं की आधी डोळे मिटून घ्यावेत. उघडे ठेवले तर पंचाईत होते. अप्पा खिडकीबाहेरचं जे सांगतात आणि बाहेर जे दिसतं, त्यांची एकमेकांशी साधी ओळखसुद्धा नसते.

"डाव्या हाताला मोकळा माळ," अप्पा सांगतात. डाव्या हाताला तीनमजली रिसॉर्ट असतं आणि त्याच्या निळ्या घसरगुंडीवरून पोरं किंचाळत पाण्यात पडत असतात. "शांत किती आहे बघा," अप्पा पुढे म्हणतात.

अप्पा तळेगावात आमच्या शेजारी राहतात. कारखान्यातून निवृत्त झाले, बायको सुधाताई वारल्या, मुलगा बाणेरला. घरात ते एकटे आणि दारात त्यांची सायीच्या रंगाची जुनी अँबॅसिडर. आमच्या गल्लीत हत्ती बांधल्यासारखी ती उभी असते. दर रविवारी सकाळी तिला आंघोळ घालायची, फडक्याने अंग पुसायचं आणि जुन्या हायवेने वडगाव, कामशेत करत वलवणच्या धरणापर्यंत जाऊन यायचं, हा अप्पांचा नेम. वेग तीसच्या वर नाही. मागचे ट्रक, टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून थकतात. अप्पा खिडकीतून हात काढून त्यांना प्रेमाने पुढे जायला सांगतात आणि आपल्याला म्हणतात, "घाई कुणाला आहे?"

एक्सप्रेसवेचं नाव काढलं तर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतात. "त्या रस्त्याने माणूस पोचतो हो. जात नाही."

गाडीचे नियमही आहेत. काचा खाली. गाणी नाहीत. आणि पुढे कुणी बसायचं नाही. पुढची सीट म्हणजे एकसंध लांब सोफा, तिच्यावर आणखी दोघं ऐसपैस मावतील. पण तिथे फक्त चहाचा थर्मास बसतो. आपण मागे.

एकदा माझे मेहुणे हौसेने आले होते. गृहस्थ ठाण्याचे, त्यांना अनुभव नाही. अप्पा म्हणाले, "उजवीकडे गुरं चरतायत." मेहुण्यांनी मान वळवली. उजवीकडे चिक्कीची पाच दुकानं आणि प्रत्येकावर आपणच मूळचे असल्याची पाटी.

"गुरं कुठायत?" मेहुण्यांनी विचारलं.

"बसली असतील," अप्पा म्हणाले.

मेहुणे पुन्हा कधी आले नाहीत. गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली, की अप्पांचं डोकं जरा हललंय. ती बाणेरपर्यंत पोचली आणि अप्पांच्या मुलाचा, निरंजनचा, मला फोन आला.

"काका, बाबांना भास होतात म्हणे. अशा माणसाने हायवेवर गाडी चालवायची? मला गिऱ्हाईकही आलंय. लोणावळ्याच्या रिसॉर्टवाल्याला ती दारात ठेवायचीय, लोकांना फोटो काढायला. तुम्ही एकदा बाबांबरोबर जाऊन या. तुम्ही म्हणालात तर काढून टाकतो."

म्हणजे अँबॅसिडरचा निकाल माझ्यावर आला. मी रविवारी मागच्या सीटवर जाऊन बसलो, तोंडावर शक्य तितका निष्पाप भाव आणून.

भात कापणीला आलेले दिवस होते. कामशेत सोडलं तसे अप्पा रंगात आले. "डावीकडे विसापूर. मागून लोहगड डोकावतोय बघा." हे दोन्ही खरोखरच होते, मला हायसं वाटलं. मग प्लॉटच्या जाहिरातींची रांग लागली आणि अप्पा म्हणाले, "आता खाचरंच खाचरं. इंद्रायणी तांदळाचा वास येतोय का?" वास डिझेलचा येत होता. पण खरं सांगतो, त्यांच्या त्या एका वाक्यासरशी मला तिथली जुनी खाचरं लख्ख आठवली, बांधावरून सायकल हाणायचो तेही आठवलं.

मळवलीच्या फाट्याच्या अलीकडे अप्पांनी गाडी कडेला घेतली. समोर सेकंड होमची जाहिरात करणारा भलामोठा बोर्ड, त्याच्या खांबाला टेकून शेंगा विकणारी एक मावशी.

"आंब्याखाली घेतलीय गाडी," अप्पा म्हणाले. "उतरा. चहा घेऊ."

मावशी अप्पांना म्हणाली, "आबा, आज पाव्हनं बी हायत जणू."

अप्पांनी दोन पेल्यांत चहा ओतला. मला वाटलं एक माझा. तो त्यांनी पुढच्या सीटजवळच्या कप्प्यात ठेवला आणि मला थर्मासच्या झाकणात दिला. आता मात्र मला राहवेना.

"अप्पा, इथे आंबा नाहीये."

"दिसतंय मला," अप्पा शांतपणे म्हणाले. "दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलाय. त्या बोर्डावरचा फोन नंबर वाचून दाखवू?"

अप्पांनी चहाचा घोट घेतला.

"सुधाचे डोळे गेले ना, साखरेने. मग ती म्हणाली, मला फिरवा आणि दिसेल ते सांगत चला. पहिल्या रविवारी मी खरं तेच सांगितलं. इथे प्लॉट पडलेत, इथे कंपाउंड घातलंय. घरी आल्यावर जेवलीच नाही. तिचं माहेर टाकव्याचं, या सगळ्या खाचरांतून वाढलेली. मग मी ठरवलं, तिने शेवटचं जसं पाहिलं होतं तसंच सांगायचं. कुणाचं काय जातंय?"

"आणि आंबा?"

"होता इथे. आम्ही लग्न झाल्यापासून त्याच्याखाली थांबून चहा प्यायचो. रस्ता रुंद करताना गेला. त्या दिवशी ती उतरली, तोंडावर ऊन आलं. म्हणाली, सावली कुठे गेली हो? मी म्हटलं, पानगळ झालीय."

अप्पा माझ्याकडे वळले. "देशपांडे, आंब्याला कधी पानगळ असते का? आणि मी हे कुणाला सांगतोय? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला!"

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, हो का? येईल मग पालवी. आणि चहा मागितला."

शेंगावाली मावशी मध्येच म्हणाली, "दर आयतवारी इचारायच्या बाई, पालवी फुटली का? आबा म्हनायचं, फुटलीया. बाई मलाबी इचारायच्या. मी तरी काय सांगनार? व्हय बाई, लय ग्वाड दिसतीया."

"कोवळी, तांबूस," अप्पा म्हणाले. "मग हिरवी झाली. मग झाड भरलं. सगळं तिने विचारून घेतलं. आता मोहोराचंच विचारायची राहिली होती, तेवढ्यात गेली." त्यांनी कप्प्यातला पेला उचलला, त्यातला निवलेला चहा खांबाच्या मुळाशी ओतला. "मोहोर सांगायचाय हो. पण तिने विचारल्याशिवाय कसा सांगू? आमची पद्धत नव्हती तशी. ती विचारायची, मग मी सांगायचो."

परतताना मी डोळे मिटूनच बसलो. वडगावपर्यंत दोन्ही बाजूंना नुसतं भात होतं.

संध्याकाळी निरंजनला फोन केला. "तुझ्या बाबांना सगळं दिसतं," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. आईला तिथला आंबा अजून उभा आहे असं बाबा सांगायचे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या रविवारी तो सकाळीच हजर झाला. रिसॉर्टवाल्याला त्याने त्याच दिवशी नकार कळवला, पण ते दुपारी. सकाळी तो सरळ गाडीचं पुढचं दार उघडून उभा राहिला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग थर्मास उचलून माझ्याकडे मागे दिला.

बोर्डापाशी गाडी थांबली. अप्पा म्हणाले, "आंब्याखाली घेतलीय." कुणी उतरलं नाही. निरंजन समोर बघत होता. त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

"बाबा, मोहोर आला का?"

अप्पांचे हात स्टिअरिंगवरच राहिले. त्यांनी काचेतून वर, बोर्डाच्याही वर, मोकळ्या आभाळाकडे पाहिलं.

"आलाय रे," ते म्हणाले. "पानं दिसत नाहीत इतका आलाय."