डाव्या बाजूची खोट

आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नवरा-नवरी फुलांच्या गाडीत बसले होते, नवरीची आई रडत होती, बँडवाले दम खात होते आणि आमचे शेजारी गुलाबराव काकाजी गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून ती खाली दाबत होते. गाडी दबली, वर आली, पुन्हा दबली. आत नवरीच्या मुंडावळ्या नाकावर आपटत होत्या. शेवटी काकाजींनी खिडकीतून आत तोंड घातलं आणि नवरदेवाला गंभीरपणे सांगितलं, "शॉकअप गेला हाय, राजा. घरी गेल्यावर पहिलं काम थे करजो."

वर्ध्याच्या आमच्या नालवाडीत कोणी नवी गाडी घेतली की लोक पेढा मागायचे. काकाजी विचारायचे, "कोनीकडं ओढते?" ओढत नाही म्हटलं की ते दयेनं बघायचे. "ओढते. तुले समजून नाई राह्यलं." त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पिशवी धरून उभं असायचं आणि काकाजी रस्त्यावरून गेलेल्या जीपकडे मान वळवून म्हणायचे, "मागची बेअरिंग. महिनाभर चालंल." जीप कोणाची, हे त्यांनाही माहीत नसायचं.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे लांबलचक जुनी स्टेशन वॅगन. मागे एवढी जागा की एका माणसाचं बिऱ्हाड मावावं. दोन पोरी, बायको, म्हातारी आई आणि सगळ्यांची गाठोडी एका खेपेत न्यावी म्हणून घेतलेली. पुढे आई गेली, पोरी लग्न होऊन दूर गेल्या. त्या एवढ्या गाडीत दोघंच उरले. काकाजी चालवायला आणि सुमनकाकू मागे, डाव्या खिडकीशी. काकू अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. पुढच्या सीटवर त्यांचे गुडघे अवघडायचे, म्हणून मागची डावी जागा त्यांची.

ही गाडी डावीकडे झुकते, हे काकाजींनी अख्ख्या वर्ध्याला सांगून ठेवलं होतं. आणि दोष कोणाचा, तेही. "कंपनीचीच खोट हाय! पुढचा भाग एकानं बनवला, मागचा दुसऱ्यानं, अन् थे दोघं आपसात बोलत नोते." कधी दोष पेट्रोलच्या टाकीचा असायचा, कधी स्टेपनीचा, कधी थेट सरकारचा, कारण रस्ते कडेला उतरते केले. बॉनेटवर पाण्यानं भरलेला स्टीलचा गिलास ठेवून ते लोकांना दाखवायचे. "पाह्य, कोनीकडं सांडते! वळणावर त अशी शेपूट टाकते, जशी मागून कोनी कमरेले धरलं." हे सगळं चालू असताना काकू मागे शांतपणे खिडकीबाहेर बघत असायच्या. एवढ्या तक्रारी, पण गाडी विकायचं नाव काकाजी काढत नसत. आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि एके सकाळी काकाजी माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला.

"प्रकाश, गाडी उजवीकडं झुकून राह्यली."

"मग बरं झालं की काकाजी. जन्मभराची खोट गेली."

"मस्करी नको करू. इतकी वर्षं डावीकडं होती. आता उजवीकडं काऊन जाईल?"

त्या दिवसापासून त्यांनी दुसरं काही केलं नाही. पुढची चाकं मागे, मागची पुढे केली. मग नवे टायर. मग चारही शॉकअप. मग नागपूरला जाऊन चाकांची अलाइनमेंट करून आणली. तिथल्या मुलानं संगणकावरचे आकडे दाखवून सांगितलं, काका, गाडी एकदम बरोबर आहे. "कम्प्युटर गाडीत बसते का?" असं म्हणून ते परत आले.

प्रत्येक वेळी काकूंना सोबत न्यायचे. "वजन जसंच्या तसं पाह्यजे, तवाच खरं समजते," हा त्यांचा नियम. मीही बरेचदा पुढे बसून जायचो. काकू पूर्वी वाटेत सारख्या बोलायच्या. आता त्या पेंगायच्या. काकाजी आरशातून विचारायचे, "झोप येऊन राह्यली का वं?" त्या म्हणायच्या, "उन्ह लागलं जरासं," आणि काकाजी पुन्हा स्टिअरिंगकडे लक्ष द्यायचे.

शेवटी आम्ही तळेगावला गेलो. तिथल्या एका मिस्त्रीकडे ही गाडी वर्षानुवर्षं जायची. मिस्त्री खाली शिरला, बराच वेळ ठोकठाक करत राहिला, मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "काकाजी, डाव्या बाजूले तुमी मांगं एक पाटा जास्तीचा टाकून घेतला होता ना, त्याच्यावर वजनच नाई पडून राह्यलं. म्हणून गाडी तिकून उचलते. काढून टाकू का?"

मला कळेना. झुकणारी बाजू उचलून धरायला तिथल्या स्प्रिंगेत एक पट्टी वाढवली होती, एवढं समजलं. पण काकाजींनी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मिस्त्रीकडे बघत नव्हते. समोर लिंबाखाली बाकड्यावर काकू बसल्या होत्या. पाण्याची बाटली तोंडाला लावायला त्यांनी हात वर केला, तशा सगळ्या बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या.

मिस्त्रीनं पुन्हा विचारलं, "काढू का?"

"राहू दे," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी काकूंना दवाखान्यात नेलं. पोटातलं दुखणं निघालं. बरंच आधीपासूनचं होतं.

दवाखान्याच्या बाकावर काकाजींनी मला त्या पाट्याची गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी कारंजाला काकूंच्या माहेरी लग्न होतं. काकू गाडीतून उतरल्या आणि गाडी डावीकडून वर आली. कोणीतरी पावणा म्हणाला, "गाडीनं हुश्श केलं पाहा!" सगळा मांडव हसला. काकूही हसल्या. पण त्यानंतर कुठे जायचं म्हटलं की म्हणायच्या, तुमी जा, माह्यं काही काम नाई तिथं.

"मंग मी तळेगावले जाऊन पाटा टाकून घेतला. तरी जराशी झुकेच. म्हणून मंग बोंबलत सुटलो, का बाबा गाडीतच खोट हाय. तवा कुठं ती बसाले लागली." मग म्हणाले, "गाडी दाखवाले नागपूरपर्यंत गेलतो, प्रकाश. ती मांगं बसली होती. दर खेपेले मांगं बसली होती."

आणि माझा हात धरून, "तिले सांगजो नको, पाट्याचं."

पुढच्या आठवड्यात काकाजी रिपोर्टसाठी दवाखान्यात थांबले आणि काकूंना त्याच गाडीतून मी घरी आणलं. वाटेत त्या अचानक म्हणाल्या, "गाडीत खोट-बिट काही नोती बरं का. माह्यामुळंच झुके."

मी गिअर बदलला.

"यायनं मिस्त्रीकडून काहीतरी करून आणलं, थेही मले माहीत हाय. पण यायले वाटते, मले माहीत नाई. मंग मी काऊन सांगू?" आणि लगेच, "तू बी नको सांगू."

पावसाळा लागायच्या आत काकू गेल्या. पोरी आल्या, राहिल्या, आपापल्या घरी गेल्या. काकाजी दुकानात बसायला लागले, पण रस्त्यावरून जीप गेली तरी मान वळवत नाहीत. गाडी अंगणात तशीच उभी असते.

दोघांचं गुपित माझ्याकडे होतं आणि ते आता एकट्याला पेलवेना. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. काकूंना सगळं माहीत होतं, पहिल्यापासून.

काकाजींनी चष्मा काढून हातात घेतला.

"पहिल्यापासून?"

"हो."

"अन् मी कंपनीले शिव्या देत होतो, तवा बी?"

"तेव्हाही."

त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की रडताहेत, मला कळेना. बहुतेक दोन्ही होतं. उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं, नाक पुसलं, चष्मा पुसला. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"अजून काय म्हणे ती?"

पाट्याबद्दल अजून काकू काहीच म्हणाल्या नव्हत्या. पण ते वाट बघत होते. म्हणून काकूंना दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारचं मी पहिल्यापासून सांगायला लागलो. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं. रस्त्यात संत्र्यांची गाडी दिसली तर थांबायला लावलं. दोन खाऊन पाहिली, आंबट निघाली, म्हणून विक्रेत्याशी भांडल्या.

"भांडली?" काकाजी म्हणाले. "काय म्हणून भांडली? नीट सांग."