असीरगडाखालचा थांबा

आमचे दिनकरदादा वकील गाडी चालवता चालवता रेडिओशी भांडायचे. "अहो बाई, मीठ राहिलं!" असे एकदम ओरडायचे, आणि मागे बसलेले आम्ही दोघं दचकायचो.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि महाजन, खंडव्याच्या कोर्टातले कारकून. बऱ्हाणपूरहून रोज दादांच्या गाडीतून फुकट जायचो. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात, राजपुऱ्यात, गाडीत रेडिओ असलेला माणूस हा एकच. पण ऐकायचा काय? नागपूरचा बायकांचा कार्यक्रम! वड्या, लोणची, बाळाची टाळू. त्यात वाटेत असीरगडाचा चढ लागला की नुसती खरखर, म्हणून दादा पायथ्याशीच गाडी बंद करायचे. कार्यक्रम संपेपर्यंत हलायचं नाव नाही.

"दादा, साहेब झापतील हो!" महाजन घड्याळ पुढे करायचे.

"फिकर नका करू. मुकदमे काय पळून चाललेत?"

"बाप्पा, काय माणूस आहे!" महाजन माझ्या कानात पुटपुटायचे.

एकदा न राहवून मीच विचारलं. दादा काचेबाहेर बघत म्हणाले, "आमची सुमन नागपूरला दिलीय ना. दिली तेव्हा नागपूर आपल्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. हायकोर्टाच्या कामानं चक्कर व्हायची, पोर दिसायची. आता राजधानी गेली भोपाळला, हायकोर्टही नागपुरातून हललं. तिला आई नाही हो. गेल्या भेटीत तिनंच ठरवलं, हा कार्यक्रम दोघांनी एकाच वेळी ऐकायचा. तेवढीच आमची भेट."

महाजनांनी घड्याळ हळूच बाहीखाली सरकवलं.

पुढे रेडिओ बिघडला आणि बुधवाऱ्यातल्या दुकानात दुरुस्तीला जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी दादा मुकाट्यानं गाडी चालवत होते. असीरगडाखाली सवयीनं गाडी थांबलीच. रेडिओच्या रिकाम्या खाचेकडे बघत दादा म्हणाले, "तिकडे तिनं लावला असेल."

तेवढ्यात शेजारून महाजनांचा घोगरा आवाज आला, अगदी रेडिओवरच्या बाईच्या थाटात. "भगिनींनो, आज आपण कच्च्या केळ्यांची भाजी करू या. केळी सोलून फोडी करा. तेलात मोहरी टाका, फोडी परता, वर झाकण ठेवा. झाली बघा भाजी!"

दादांनी खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला.

"महाजन," मग दादा म्हणाले, "मीठ राहिलं."